देवस्थळींचा गुलाबी तेजोमेघ

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी जयंत देवस्थळींनी होमिओपॅथी केली, दुसऱ्या वर्षी संस्कृत केलं आणि तिसऱ्या वर्षी ते विश्वाकडे वळले. विश्वाने त्यांचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं.

बँकेत होते तोवर त्यांचं समजावून सांगणं निदान काउंटरपुरतं मर्यादित होतं. आता पर्वत पाटिया चौकाजवळच्या त्यांच्या गुजराती सोसायटीत लिफ्टमध्ये शिरणारा माणूसही सुटत नसे. खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताना त्याला कळायचं, की पंधरा लाख किलोमीटरवर एक दुर्बीण तरंगते आहे, तिला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश दिसतो, आणि धुळीच्या पडद्याआड जन्मणारे तारे ती आरपार बघते. बायको सुलभाताई, महापालिकेच्या मराठी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, अशा वेळी लिफ्टच्या आरशात केस सारखे करत. त्यांना हे सगळं पाठ झालं होतं.

मग जयंतरावांनी स्वतःची दुर्बीण आणली आणि जानेवारीतल्या एका संध्याकाळी सोसायटीला गच्चीवर बोलावलं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवणार होते. आधी आठवडाभर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर अवकाश दुर्बिणीतून टिपलेली चित्रं टाकली होती. गुलाबी डोंगर, निळे झोत, केशरी कडा. लोक नटून आले. शेजारच्या दक्षाबेन तर आपल्या सासूबाईंना, लीलाबांना, हाताला धरून वर घेऊन आल्या.

दुर्बिणीतून दिसला राखाडी डाग.

"आ तो धुमाडो छे," दक्षाबेन म्हणाल्या. हा तर धूर आहे.

"तो वायू आहे! त्यात तारे जन्मताहेत!"

"पण रंग क्यां छे?" रंग कुठे आहे?

सोसायटीचे सेक्रेटरी परेशभाई साड्यांचे व्यापारी. त्यांनी डोळा लावला, काढला आणि चष्म्याच्या काचा पुसून पुन्हा लावला. "देवस्थळी साहेब, हे तर आमच्या सचिन गावच्या मिलचं धुराडं दिसतंय," असं ते म्हणाले आणि गच्ची हसली. जयंतराव हसले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. भात पुढ्यात ठेवून त्यांनी सुलभाताईंना मानवी डोळ्याच्या मर्यादा सांगितल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा बोलावणं केलं. आणि काय आश्चर्य! डोळा लावताच समोर गुलाबी डोंगर, निळे झोत, केशरी कडा. लोकांच्या रांगा लागल्या. लीलाबांनी हात जोडले. परेशभाई म्हणाले, "एकदम बांधणी!" आणि मोबाइलने फोटो घ्यायची खटपट करू लागले. एका स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस येऊन गेला. मराठी मंडळाने व्याख्यान ठरवलं. जयंतराव लिफ्टमध्ये आता बोलत नसत, नुसते मान हलवत. मोठ्या माणसाची लक्षणं त्यांच्या अंगी भराभर येत होती.

सुलभाताईंना मात्र एक गोष्ट खुपत होती. मृग पार वर आला होता आणि दुर्बिणीचं तोंड समोर बांधकाम चाललेल्या टॉवरच्या क्रेनकडे होतं. डोळा लावायची नळी काटकोनात वळलेली, त्यामुळे बघणारा खाली मान घालून बघे. दुर्बीण कुठे रोखली आहे, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. रविवारी धूळ पुसायच्या निमित्ताने त्यांनी नळी उघडली. आत नाण्याएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता, त्यावर रंगीत चित्र छापलेलं. मागून उजेड क्रेनवरच्या हॅलोजनचा.

"अहो, हे काय?"

जयंतराव क्षणभरच गडबडले. "सुलभा, तू शास्त्रीय दृष्टीने बघ. त्या मोठ्या दुर्बिणीच्या चित्रांनाही रंग शास्त्रज्ञच देतात. मूळ प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. मग मी वेगळं काय केलं?"

"ते सांगून देतात. कुठल्या प्रकाशाला कुठला रंग दिला, हे चित्राबरोबर लिहितात. तुम्ही हॅलोजन लिहिलंत का कुठे?"

"लोकांना विज्ञानाची गोडी लागतेय!"

"आणि हा मेघ तरी मृगातला आहे ना?"

"मृगातला नीट छापून येत नव्हता," ते म्हणाले. "हा दुसरीकडचा आहे. पण जातीचा तोच."

बाहेर सांगून टाकावं, असं सुलभाताईंच्या फार मनात आलं. पण लीलाबांचे जोडलेले हात आठवले आणि जीभ रेटेना. तिसऱ्या शनिवारी त्या गच्चीवर गेल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

गर्दी दुप्पट होती. परेशभाईंनी आपल्या डिझाइनरला आणलं होतं, या रंगांची साडी काढायची म्हणून. तो वाकून बघत असतानाच टॉवरवरचं काम संपलं असावं. हॅलोजन बंद झाला.

"गयुं!" डिझाइनर ओरडला. गेलं!

"ढग आला असेल," जयंतराव झटकन म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ लख्ख, मृग आपल्या जागी. परेशभाई व्यापारी माणूस, कापड हातात घेतल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी नळी ओढून काढली, उलटी केली आणि तेजोमेघ त्यांच्या तळहातावर पडला.

गच्चीवर आता आरडाओरडा होणार, असं सुलभाताईंना वाटलं. परेशभाईंनी तुकडा मोबाइलच्या टॉर्चवर धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे तर घरी बसून दिसतंय! साहेब, मोठी कॉपी आहे का?" रांगेतले लोक दुर्बीण सोडून त्यांच्याभोवती जमले. खोटेपणाचा राग कोणालाच आला नाही. एकट्या दक्षाबेन तेवढ्या म्हणाल्या, "बाने हाथ जोड्या हता, भाई," आणि सासूला घेऊन निघून गेल्या. बांनी हात जोडले होते. जयंतराव कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाटियाच्या वाहतुकीकडे बघत राहिले.

मराठी मंडळाचं व्याख्यान मात्र झालं. जयंतराव दीड तास बोलले. विषय मंडळानेच आधी छापून टाकला होता: विज्ञान आणि सचोटी. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला. परेशभाईंची साडीही बाजारात आली आणि तिचं नाव ठेवलं 'जन्नत'.

दुर्बीण आता सुलभाताईंकडे असते. शनिवारी त्या दार ठोठावून आधीच सांगतात, रंग नाही, धुरासारखं दिसेल. त्यामुळे कोणी येत नाही. गेल्या खेपेला त्या लीलाबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि झाल्या प्रकाराची माफी मागितली. लीलाबा वर आल्या. खुर्चीत बसून त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"आमां साचे तारा जन्मे छे?"

"हो बा. यात खरंच तारे जन्मतात."

मागे उभ्या जयंतरावांना राहवलं नाही. "बा, म्हणजे असं बघा, तेराशे वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश..."

"तमे चूप रहो," लीलाबा डोळा न काढता म्हणाल्या. "मने जोवा दो." मला बघू द्या.

जयंतराव गप्प बसले. कोणाच्या सांगण्यावरून, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.