डावीकडे गेलेला गिअर

बळीराम मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मी यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात नवरीच्या मामाला ‘जरा हसा’ म्हणून विनवत होतो. फोन पांढरकवड्याहून होता. दुपारचं जेवण झालं, मिस्त्री गॅरेजमधल्या बाकावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत… एवढंच कळलं. मी ‘बरं’ म्हणालो, फोन खिशात टाकला आणि मामांचा फोटो काढला. अशा वेळी माणूस ‘बरं’ का म्हणतो कोण जाणे. दुःख व्हायला थोडा वेळ लागला. खरं सांगायचं तर त्याआधी वाटली ती भीती. या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती, दीड वर्ष मी ती टाळत आलो होतो, आणि आता ऐकणाराच उरला नव्हता.

माझा धंदा फोटोग्राफीचा. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज. घरात सगळे कचेरीत नोकरी करणारे, सायकलनंतर आमच्याकडे थेट स्कूटर आली, त्यामुळे मोटारसायकल या प्रकाराशी माझा संबंध मागे बसण्यापुरता. पण काही वर्षांपूर्वी जुन्या गाड्या जपणाऱ्या माणसांचे फोटो काढायचं वेड डोक्यात शिरलं. नवरा-नवरीचे तेच ते हावभाव टिपून कंटाळलो होतो, म्हणून असेल. रविवार मिळाला की कॅमेरा घेऊन जिल्हाभर फिरायचं. घाटंजीला एक निवृत्त गुरुजी होते, आपल्या राजदूतवर ते बायकोलाही बसू देत नसत. दारव्ह्याला एका तरुणाने हौसेने पुढचं चाक इतकं लांब नेलं होतं की गाडी त्याच्याच गल्लीत वळेना, दोघांनी उचलून फिरवावी लागे. ही मंडळी फोटोला उभी राहिली की गाडीकडे अशी बघत की नवरदेवांनी शिकून घ्यावं. आणि प्रत्येकाचा शेवटी एकच प्रश्न : बळीराम मिस्त्रीकडे गेला नाहीत? मग तुम्ही पाहिलं काय?

गेलो. पांढरकवड्याहून केळापूरला जाताना उजव्या हाताला पत्र्याचं गॅरेज, पाटी नाही, दारात निंबाचं झाड. मिस्त्री एका बुलेटपाशी बसले होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. मी लगेच चार-पाच फोटो काढले. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “फोटो काढून राह्यले का पंचनामा करून राह्यले?” मग माझ्या स्कूटरचा विषय निघाला आणि त्यांना फारच आनंद झाला. “स्कूटरवाल्याले बुलेटचं काय सुधरते, भाऊ? पह्यले आयका. मंग काढा फोटो.” त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी कान लावला. मला फक्त धडधड ऐकू आली. त्यांना त्यात टॅपेट, चेन आणि मालकाचा निष्काळजीपणा असं सगळं वेगवेगळं ऐकू येत असे.

फोटोला ते तयार झाले, पण एका अटीवर. “गाडी हाय तशी दिसली पाह्यजे. तुमी लग्नात पोरीयले गोऱ्या करता, तसं नका करू.” मी शब्द दिला. दिला म्हणजे अगदी छातीवर हात ठेवून दिला, कारण तोवर माझी ‘जसं आहे तसं टिपणारा’ अशी थोडी कीर्ती झाली होती आणि ती मला आवडायला लागली होती.

पुढची दोन-तीन वर्षं मी महिन्यातून एकदा तरी जात असे. एकदा त्यांच्या मागे बसून झरी जामणीच्या बाजूला गेलो. तिकडे जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची जुनी बुलेट बघायची होती. चढावर मिस्त्री गिअर उतरवत होते आणि मला पहिल्यांदा दिसलं की हे काम त्यांचा उजवा पाय करतो. मी विचारलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि सागाच्या सावलीत मला शिकवणी दिली. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. आजच्या गाड्यांना उलटं. नवीन माणूस हिच्यावर बसला की ब्रेक मारायला जातो आणि गिअर टाकतो. म्हणून बरेच लोक गिअर डावीकडे घेतात, त्याचं सामान तयार मिळतं. “माह्याकडं नाई होत ते,” मिस्त्री म्हणाले. “आपला पाय बदला ना. तिचा कायले बदलता?” जुन्या गाड्यांच्या लोकांत हा धर्माचाच प्रश्न असतो. गिअर डावीकडे गेला की ते गाडीकडे बघतही नाहीत, आणि तो नेणाऱ्या मिस्त्रीकडे तर नाहीच नाही.

हे सगळं मी ऐकलं होतं, ‘वा’ म्हटलं होतं आणि विसरलोही होतो. त्यानंतर कॅलेंडरचं काम आलं. यवतमाळच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानदार शेठजींना यंदा देवादिकांऐवजी काहीतरी वेगळं हवं होतं. मी बारा पानांसाठी बारा गाड्यांचे फोटो दिले. ऑगस्टच्या पानावर बळीराम मिस्त्री, त्यांची स्वतःची काळी बुलेट घेऊन. नुकतीच रंगवून झाली होती, टाकीवर नुसती सोनेरी रेघ, पुढच्या मडगार्डवरचा नंबरही लिहायचा बाकी होता. फोटो शेठजींना आवडला, पण त्यांनी पान समोर धरून मान हलवली. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि छोटी लक्ष्मी होती, आणि मिस्त्रींची गाडी उजवीकडे निघाली होती. “हे चालणार नाही हो. गाडी लक्ष्मीकडे पाठ करून चालली,” शेठजी म्हणाले. मला हसू आलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, फोटो आरशातल्यासारखा उलटा झाला आणि गाडीचं तोंड लक्ष्मीकडे आलं. लग्नाच्या अल्बममध्ये मी असे शेकडो मामा फिरवले आहेत. मामांचं काही बिघडत नाही.

जानेवारीतच वणीहून एका वकीलसाहेबांचा फोन आला. वडिलांची बुलेट त्यांना मिस्त्रींकडून होती तशी करून घ्यायची होती, बोलणं पक्कं झालं होतं, फक्त गाडी टेम्पोत घालायची बाकी होती. कॅलेंडरखाली माझ्या स्टुडिओचं नाव वाचून त्यांनी फोन केला होता. “तुम्ही गाडी जवळून बघितली असेल. मिस्त्रींनी गिअर डावीकडे घेतलाय का हो? स्वतःच्याच गाडीला? मग माझ्या बाबांच्या गाडीचं काय करतील?” भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या समोरच होतं. मी ऑगस्टचं पान वर केलं. मी उलटवलेल्या फोटोत गिअर डावीकडे गेला होता. त्या क्षणी एकच वाक्य बोलायचं होतं : साहेब, फोटो उलटा आहे, चूक माझी आहे. मी म्हणालो, “मला गाडीतलं फारसं कळत नाही हो.” दिलेला शब्द, झालेली कीर्ती, छापून गावोगाव गेलेली कॅलेंडरं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि जीभ वळली ती अशी. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

उन्हाळ्यात मिस्त्रींचाच फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ते म्हणाले, “वणीचे वकीलसाहेब गाडी आनणार होते, भाऊ. काहून नसतीन आले?” मी म्हणालो, “कोर्टाच्या कामात असतील.” ते म्हणाले, “हो, असतीन. या ना एखाद दिवशी.” मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. पांढरकवड्याचं लग्नाचं काम आलं तरी दुसऱ्याला द्यायचो. म्हाताऱ्या माणसाला हातातलं आवडतं काम का गेलं हे कळू नये आणि ते आपल्याला माहीत असावं, हे ओझं काही केल्या हलकं होत नव्हतं. आणि अशातच तो मंगल कार्यालयातला फोन आला.

तेरवीलाही माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर आठवड्याभराने एसटीने गेलो. वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, गॅरेज झाडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आले का भाऊजी? लय उशीर केला.” त्यात राग नव्हता, पण मला तो टोमणाच वाटला आणि मग मी थांबूच शकलो नाही. बाकावर बसून सगळं सांगून टाकलं. लक्ष्मी, बटण, वकीलसाहेब, सगळं. त्या झाडू हातात धरून ऐकत होत्या. माझं संपलं तशा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नवऱ्याला जाऊन महिना झालेला नाही, आणि बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते आहे. 

“ते तर कॅलेंडर आलं त्याच दिवशी ओयखलं त्यायनं,” वहिनी म्हणाल्या. “चहा सांडेपर्यंत हासले. म्हणे, पाह्य वं, भाऊनं गिअर नेला डावीकडं, त्याच्यासंगं किक बी नेली, अन् माह्यी घडी बी दुसऱ्या हातात घातली! हे मोठे मोठे शौकीन लोकं गिअर पाहूनच बोंबलून राह्यले, किककडं कोनाचं ध्यानच नाई.” खरंच होतं. गिअर डावीकडे नेणारा मिस्त्रीही किक उजवीकडेच ठेवतो. त्या फोटोत दोन्ही डावीकडे होते, म्हणजे फोटोच उलटा आहे हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण या मंडळींचं रक्त गिअर पाहूनच इतकं तापलं की नजर वीतभर मागच्या किकपर्यंत गेलीच नाही.

“आणि वकीलसाहेब?” मी विचारलं.

“होळीच्या आंधी हेच गेलते ना वणीले, तीच गाडी घेऊन. वकिलाले खाली बसवलं अन् म्हटलं, लावा हात गिअरले. त्यायची गाडी करून देली की दिवाईत. सोता चालवत घेऊन गेले ते. त्यायच्या बाबूजीची गाडी म्हनून रडले इथं.”

होळीच्या आधी! आणि मिस्त्रींचा मला फोन आला तो उन्हाळ्यात. म्हणजे वकील का आले नाहीत हे विचारलं तेव्हा वकिलांची गाडी याच गॅरेजमध्ये उभी होती. मी वहिनींना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, सांगा ना भाऊजीयले. ते म्हणे, नाई. शेठनं लावलं असन कराले, त्याचं पोट हाय त्याच्यावर. आपुन सांगतलं का त्याले खाली पाहा लागते. सोताहून सांगीन तवा दोघं मिळून हासू. म्हनून तुमाले इचारलं त्यायनं.”

मला बोलता करायला त्यांनी तो प्रश्न टाकला होता आणि मी कोर्टाच्या कामाचं सांगत बसलो. सोबत हसायचं राहिलं याचं वाईट वाटतं, वाटत राहील. पण खरं सांगतो, त्या बाकावर मला त्याहून जास्त जे वाटलं ते हायसं वाटलं. माझ्यामुळे त्यांचं काम गेलं नव्हतं. मनात सल घेऊन ते गेले नव्हते. उलट माझ्यावर हसून हसून गेले होते, आणि तेवढा हक्क त्यांचा होताच. दीड वर्षात पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं.

वहिनी म्हणाल्या, “हात धुऊन घ्या, चहा ठेवते.” मागच्या भिंतीला नळ आहे, त्यावर टीचभर आरसा. साबण हाताला लावता लावता मी वर पाहिलं आणि आरशात मिस्त्री दिसले. समोरच्या भिंतीवर माझ्या पाठीमागे त्यांनी ऑगस्टचं पान चिकटवलं होतं. लक्ष्मीचा कोपरा आणि तारखा कात्रीने कापून फक्त फोटो ठेवलेला, बरोबर आरशाच्या समोर. आरशात गिअर उजवीकडे होता. किक उजवीकडे होती. घड्याळ डाव्या हातात आलं होतं. आरशाच्या चौकटीत कंगवा खोचलेला, त्यात अजून दोन पांढरे केस होते. रोज सकाळी भांग पाडताना ते इथे उभे राहत असणार, आणि माझी चूक रोज दुरुस्त करून घेत असणार.

मी मागे वळून त्या पानाकडे पाहिलं नाही. आरशातच बघत राहिलो आणि तिथेच मोठ्याने म्हणालो, “मिस्त्री, तो फोटो मीच उलटा केला होता.”

आतून वहिनींचा आवाज आला, “मालूम हाय त्यायले. चहा थंडा होऊन राह्यला, या.”