माझं ढोपर आणि कागदावरचा गुडघा

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शिकलो नाही याचं वाईट वाटलंच असतं, पण नागपुरातल्या दवाखान्यात एक शिकलेला कारकून भेटला आणि ती हळहळ मिटली.

मी गिरणीत मागावर होतो. एका दुपारी चालत्या पट्ट्यानं उजवा हात ओढला, हाडापर्यंत उघडी जखम झाली. टाके पडले, मग जखमेच्या कागदासाठी कारकुनापुढं उभं केलं. त्यानं मान वर केली नाही. मान वर करायचा पगार बहुतेक वेगळा असावा.

"कुठं लागलं?"

"ढोपराले."

गडी पुण्याकडचा. तिकडं ढोपर म्हणजे गुडघा. आमच्याकडं ढोपर म्हणजे कोपर, आणि गुडघ्याला आम्ही टोंगळा म्हणतो. त्याच्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात दर जखमेला नंबर. त्यानं गुडघ्याच्या उघड्या जखमेचा नंबर शोधला, लिहिला, वर शिक्का मारला.

आठवड्यानं गिरणीच्या डॉक्टरांकडं गेलो. सुटी वाढवायची की मागावर धाडायचं, ते त्यांच्या हातात. माझा हात गळ्यात बांधलेला, पण कागदात हात नव्हता.

"पायजमा वर करा." त्यांनी माझा टोंगळा दाबून पाहिला. "छान. डागसुद्धा नाही. उद्या कामावर या."

"साहेब, हा हात पाहा ना."

"हाताचा कागद आणा."

उद्या मागावर गेलो तर टाके उसवणार, न गेलो तर नोकरी जाणार. बायकोला घेऊन तडक दवाखाना गाठला.

कारकून म्हणाला, "तुम्ही जागा चुकीची सांगितली, असं लिहून सही करा. मी नंबर बदलतो."

"मी चुकीचं नाही सांगितलं. माही माय ढोपरच म्हणे."

बायको मागून म्हणाली, "काहून अडून राहिले जी? करा ना सही. हात गेला तं मिशीले पीळ कशानं देसान?"

"डाव्यानं."

मी उजवा हात उचलून त्याच्या पुस्तकावरच ठेवला. पट्टीतून रक्त आलं होतं. तेव्हा कुठं कारकूनसाहेबांची मान वर झाली. त्यानं माझ्यामागच्या माणसाला विचारलं, "याला काय म्हणतात हो?"

"ढोपर."

त्याच्या मागचा म्हणाला, "ढोपर. अन् काय म्हनतेत?"

लेकरू कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली, "बाबू, ढोपरच हाय ते. लिवा आता, आमाले उशीर होऊन राहिला."

सारी रांग अडाणी निघाल्यावर तो एकटा काय करणार? कोपराचा नंबर लिहिला. गुडघ्याचा माझ्या सहीशिवाय खोडता येईना, त्यावर शिक्का होता. म्हणून कागदावर माझा गुडघाही फुटला आणि डाग न ठेवता बरा झाला. दवाखान्याचं तेवढं यश मी नाकारत नाही.

सुटी वाढली, टाके धरले. हात आजही पुरता वाकत नाही, पण मिशीपर्यंत पोचतो.