परीक्षकाचे कान

पत्रा कापणाऱ्या प्रेसवर तो सव्वीस वर्षं उभा होता, पण कारखान्यात त्याला कुणी ऑपरेटर म्हणत नसे. सगळे म्हणत परीक्षक. गाणं असो, नवा अल्बम असो की पडद्यावरचा नट, त्याचा निकाल लागल्याशिवाय जेवणाची सुट्टी संपायची नाही.

निकाल फटकळ असत. ज्या गायिकेवर अर्धी शेड जीव टाकायची, तिच्याबद्दल तो म्हणे, "बाई गात नाही, साखर पेरते. कानाला मुंग्या लागतील." एका लाडक्या हिरोला तर त्यानं कायमचं नापास केलं होतं. "रडताना त्याचा एक डोळा कॅमेऱ्याकडे असतो. बाप मेलाय की फोटो काढायचाय?" आवडता गायक मात्र एकच. आवाज घोगरा, भरड, म्हणून सगळे त्याला भरड्याच म्हणत. "त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो," परीक्षक सांगे. "माणूस गातोय हे कळतं तरी."

भरड्याचा हाडवैरी म्हणजे शेजारच्या शेडमधला वेल्डर, परीक्षकाचा जिवलग दोस्त. "हा गातोय की घसा खाकरतोय?" असं म्हणून तो डबा उघडायचा आणि दोघांची जुंपायची. वीस वर्षं एकाच बाकावर बसून ते भांडले. माघार कुणीच घेतली नाही, आणि भांडलो म्हणून कुणी वेगळ्या बाकावरही गेला नाही.

शेडच्या खांबाला जुना रेडिओ टांगलेला होता. प्रेसचा दणका असा की पायाखालची फरशी हादरायची. कानात घालायला कामगारांना कापूस मिळे, बाकी काही नाही. आवडतं गाणं लागलं की परीक्षक रेडिओकडच्या कानातला कापूस काढून खिशात टाकायचा. पुढचं गाणंही बरं निघालं, तर दुसऱ्या कानातलाही निघायचा.

पन्नाशी उलटल्यावर त्याचे निकाल आणखी कडक झाले. "हल्ली सगळं मातीत गेलंय. झांजेला धार नाही. बासरी तर कुणी वाजवतच नाही." लोकांना वाटलं, वय बोलतंय.

मग भरड्याचा नवा अल्बम आला. परीक्षकानं तो घरी दोनदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा करून बाकावर बसला. "पहिलंच गाणं कोरडं ठणठणीत. नुसती ढोलक आणि हा. बासरीचा एक तुकडा टाकला असता तर काय बिघडलं असतं?"

सगळे हसले. वेल्डर तेवढा हसला नाही. "अरे, अख्खं गाणं बासरीवर आहे," तो म्हणाला.

"चेष्टा पुरे."

वेल्डरनं फोनवर गाणं लावून त्याच्या कानाशी धरलं. ढोलक वाजली, भरड्या गायला, मग मधे लांबलचक शांतता. परीक्षकानं मान वर केली. त्या शांततेत बाकावरच्या सगळ्यांच्या माना डोलत होत्या.

डॉक्टरनं तपासणीचा कागद समोर ठेवला. "वरचे सूर गेलेत. उरलंय तेही टिकायचं नाही. हे आजचं दुखणं नाही, दहाएक वर्षं चाललंय."

घरी येऊन त्यानं मतांची वही काढली. प्रत्येक अल्बमला त्यात शंभरपैकी गुण होते. गेल्या दहा वर्षांत उत्तीर्ण होणारे कमी कमी होत गेले होते. यातली खरंच वाईट गाणी किती आणि त्याच्या कानांनी मारलेली किती? तो पानं उलटत राहिला. बायकोनं जेवायला तीनदा हाक मारली. शेवटी ती आत आली आणि तिनं खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो दचकला.

वर्षभरात बोलणंही विरत गेलं. थांबायची घंटा ऐकू न आल्यानं एकदा हात थोडक्यात वाचला, आणि त्याला मशिनवरून उतरवून घरी बसवलं. त्यानं भरपाईचा अर्ज केला. कंपनीचं म्हणणं एकच, कापूस दिला होता, यानं काढला. साक्षीला वेल्डरला बोलावलं. त्याची नोकरीची दोनच वर्षं उरली होती. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागद पुढे सरकवला. 'गाणी ऐकण्यासाठी हा कामगार कानातला कापूस काढत असे. मी स्वतः पाहिले आहे.' वेल्डरनं सही केली. अर्ज फेटाळला गेला.

त्यानंतर परीक्षक दिवसभर टीव्हीसमोर बसे. आवाज नसलेले नट बघणं ही त्याला शिक्षाच होती. ज्या विनोदी नटावर तो पूर्वी पोट धरून हसायचा, त्याचा चेहरा आता त्याला क्रूर वाटू लागला. "हा माणूस दुष्ट आहे," तो बायकोला मोठ्यानं सांगे. स्वतःचा आवाज किती चढतो हे त्याला कळत नसे. शेजारी खिडकी लावून घेत.

सात महिन्यांनी एका दुपारी वेल्डर दारात उभा राहिला. बायकोला काय करावं सुचेना. "या भावोजी," असं ती सवयीनंच म्हणून गेली.

परीक्षकानं त्याला खुर्ची दाखवली. बराच वेळ दोघं टीव्हीकडे बघत बसले. मग परीक्षकानं विचारलं, "भरड्याचं काही नवीन?"

वेल्डरनं होकारार्थी मान हलवली आणि खिशातून बिलाचा कागद काढून मागच्या बाजूला लिहिलं : 'नवा अल्बम आलाय. फार सुंदर. तू म्हणायचास ते खरं होतं.'

परीक्षकानं ते वाचलं, परत वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"त्या कागदावर सही केलीस, त्याचा मला राग नाही," तो म्हणाला. आवाज घरभर घुमला. "कापूस मी काढायचोच. ते खरं होतं. पण हे खोटं आहे. वीस वर्षांत भरड्याला तू एकदा तरी चांगलं म्हटलंस? आता मी काय भिकारी आहे, म्हणून वाडग्यात टाकतोस?"

वेल्डर काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते. परीक्षकानं मान फिरवली. "जा. वाईट असेल तर वाईट सांगायला ये."

तो गेला. पुन्हा आला नाही.

पुढच्या महिन्यात बायकोला तो बाजारात दिसला, वाळलेला, दाढी वाढलेला. तिनं थांबवून विचारलं, "भावोजी, खरं सांगा, कसा आहे तो अल्बम?"

"ऐकलाच नाही, वहिनी," तो म्हणाला. "भांडायला कुणी नाही. लावून काय करू?"

ती घरी आली. नवऱ्यानं मान वर करून बघितलं, इतका वेळ कुठे होतीस, असं विचारल्यासारखं. तिनं पिशवी दाखवली आणि भाजी निवडायला बसली.