वापराचा रकाना

या वर्षी दोन-अडीच महिने आमच्या घरात सगळ्यांना एका कारकुनाची काळजी लागून राहिली होती. तो चीनमध्ये कुठंतरी बसतो. बाई आहे की बाप्या, तरुण की म्हातारा, काही माहीत नाही. पण त्याला सर्दी झाली असेल का, तो रजेवर गेला असेल का, साहेबाशी त्याचं बिनसलं असेल का, असल्या शंका मला सकाळी कॉफी गाळतानासुद्धा यायच्या.

झालं होतं असं. माझी नात माझ्याचकडे राहते आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये मोटरी बनवते. बॅटरीवरच्या स्कूटरच्या चाकात बसतात त्या. अठरा माणसं कामाला आहेत. त्या मोटरीच्या पोटात बोटाएवढ्या चुंबकाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. साधं चुंबक चालत नाही, फार ओढीचं लागतं, आणि तसलं जवळजवळ सगळं चीनहून येतं. इतकी वर्षं ते बाजारातून बटाटे मागवावेत तसं यायचं. मग तिकडच्या सरकारनं ठरवलं, की यापुढं परवान्याशिवाय ही चुंबकं देशाबाहेर जाणार नाहीत. परवाना हवा असेल तर घेणाऱ्यानं लिहून द्यायचं की माल कशाला हवा, कोण वापरणार, लढाईच्या सामानात घालणार नाही ना. त्यावर इथल्या सरकारी खात्याचा शिक्का, मग त्यांच्या वकिलातीचा, मग तो कागद तिकडं. आणि तिकडं हा कारकून.

शेडमधल्या कपाटात सहा आठवडे पुरतील एवढ्या पट्ट्या होत्या. कागद जाऊन पाच आठवडे झाले होते.

या कारकुनाची मला एवढी ओळख कशी? तर एके काळी मी स्वतःच तो कारकून होते.

बाविसाव्या वर्षी मला आयात परवान्याच्या सरकारी ऑफिसात नोकरी लागली. तेव्हा देशाकडे डॉलर मोजकेच. परदेशातून यंत्राचा खिळा मागवायचा तरी अर्ज करावा लागे, आणि आमच्या भागातल्या कारखान्यांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येत. ती दोन वेण्यांची मुलगी आज समोर आली तर आधी मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. देशाची तिजोरी आपल्याच खणात आहे असा तिचा थाट. घरी जेवताना जाहीर करायची, "आज मी देशाचे दोन हजार डॉलर वाचवले." माझी आत्या वाढता वाढता म्हणायची, "बरं केलंस गं. त्यातले स्वल्प उद्या भाजीला ठेव." आणि देशाचे डॉलर वाचवताना अंगावर काय, तर सिंगापूरहून कुणाच्या तरी पेटीतून आलेली नायलॉनची साडी! हिच्यावर जकात भरली होती का, हे मी त्या साडीला कधी विचारलं नाही.

माझी एक खास पद्धत होती. अर्जात चार चुका सापडल्या तरी शेरा एकाच चुकीचा मारायचा. माणूस ती दुरुस्त करून पंधरा दिवसांनी आला की दुसरी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं स्वतःचं संशोधन. वरचे साहेब म्हणत, मुलगी काटेकोर आहे. मला ते पदकासारखं वाटायचं.

मोजे विणायच्या यंत्राच्या सुया मागवणारा एक माणूस यायचा. वापराच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'माझ्या यंत्रांसाठी, उरल्या तर भावाच्या कारखान्यासाठी.' नियम असा होता की ज्यानं मागवलं त्यानंच वापरायचं. मी 'उरल्या तर'खाली रेघ मारली आणि अर्ज परत. खरं लिहिणारा होता म्हणून सापडला. लबाड माणसं माझ्या टेबलावरून सुखरूप पुढं जायची. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "अक्का, यंत्र थांबलंय." मी म्हटलं, "नियम आहे, अण्णा." पुढं तो यायचा बंद झाला. "दमला एकदाचा," असं मी शेजारच्या टेबलाला सांगितल्याचं मला स्वच्छ आठवतं. इतकं स्वच्छ आठवू नये.

पुढं एक दिवस सरकारनं धोरणच बदललं आणि माझ्या टेबलावरच्या बहुतेक मालाला परवाना लागेनासा झाला. सहा महिन्यांत देश विकला जाईल, असं मी घरी छाती ठोकून सांगितलं. देश राहिला, माझं टेबल तेवढं गेलं. मग माल जगभर असा काही फिरायला लागला, की परवाना ही गोष्ट माझ्याबरोबरच निवृत्त झाली असं मी धरून चालले.

तर त्या पाचव्या आठवड्यातल्या रविवारी नात दोश्याकडं न बघता फोनकडं बघत होती. माल विकणाऱ्या चिनी कंपनीतली एक बाई तिला रोज निरोप पाठवायची, 'प्रिय मैत्रीण, कृपया धीर धरा,' आणि खाली गुलाबाची तीन फुलं.

"आज पाच फुलं आलीत," नात म्हणाली. "म्हणजे काहीतरी वाईट आहे."

"तुझ्या अर्जाची प्रत दाखव," मी म्हटलं.

"अज्जी, टेक्निकल आहे ते. तुला नाही कळायचं."

"तिथल्या कारकुनाला तरी कुठं कळतंय? दाखव."

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. बाकी सगळं नीट होतं. वापराच्या रकान्यात मात्र चौदा ओळी. स्कूटरच्या मोटरी, शेतातले पंप, औषध फवारणारे ड्रोन, आणि भविष्यात यंत्रमानवाचे सांधे. माझ्या हाताला आपोआप पेन्सिल हवीशी झाली.

"इतकं कशाला लिहिलंस?"

"मोठं दिसायला. आम्ही सगळीकडं असंच लिहितो. इन्व्हेस्टर लोकांना व्हिजन लागतं, अज्जी."

"चुंबक देणाऱ्याला व्हिजन लागत नाही. त्याला पाचच्या ठोक्याला घरी जायचं असतं. ड्रोन हा शब्द वाचून तो काय करेल सांगू?" मी समोरची बशी उचलली आणि रिकाम्या ताटल्यांच्या थप्पीखाली सरकवली. "हे. नाही म्हणणार नाही तो. नाही म्हटलं तर कारण लिहावं लागतं. नुसतं खाली ठेवेल."

तिनं ती बशी थप्पीखालून परत बाहेर काढली आणि म्हणाली, "पण ड्रोनचं खोटं नाहीये ते. कोरमंगलाला ड्रोन बनवणारी एक कंपनी आहे, तिला आपली मोटर आवडलीय. स्कूटरपेक्षा मोठं काम आहे. आज मी 'फक्त स्कूटर' असं लिहून सही केली, तर यातली एक पट्टीसुद्धा त्यांच्या मोटरीत घालता येणार नाही. आणि ते माझ्यासाठी थांबणार नाहीत."

"मग विचार कर," मी म्हटलं. सल्ला देऊन झाल्यावर असं म्हणणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर पीण्याला गेले. घरी बसून जीव खालीवर होण्यापेक्षा तिथं बसून होऊ दे, म्हटलं. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बायकांत एक वयस्क अक्का आहे, पहिल्या दिवसापासून तिथंच. तिनं हातातलं काम न थांबवता नातीला विचारलं, "मुंदिन तिंगळु केलसा इदेया?" पुढच्या महिन्यात काम आहे का, एवढंच. बाकीच्या बायकांची मान वर झाली नाही, पण हात थांबले.

"इदे, अक्का," नात म्हणाली, आहे म्हणून. मग आपल्या काचेच्या खोलीत गेली आणि चौदातल्या तेरा ओळी खोडल्या. उरलं ते असं: 'दुचाकी वाहनाच्या मोटरीत बसवण्यासाठी. अन्य वापर नाही.' सोबत उघड्या मोटरीचा एक फोटो जोडायला लावला मी तिला, आणि चुंबकाच्या पट्ट्यांभोवती लाल गोल काढायला. कारकुनाला दाखवायला चित्र असलं की साहेबासमोर त्याची अब्रू राहते.

जुना अर्ज मागे घेतला. सगळे शिक्के पुन्हा पहिल्यापासून. आणि मग माझी जी काही अवस्था झाली ती मी कुणाला सांगितली नाही. पहिला कागद कदाचित त्या थप्पीत खाली नसेलच. कदाचित तो सहीला वर गेला असेल, आणि मी पन्नास वर्षांपूर्वीच्या माझ्या टेबलाच्या भरवशावर तो रांगेतून बाहेर ओढला असेल. हे नातीलाही सुचलं असणार. तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या ऑफिसात किती दिवस लागायचे?"

"पंधरा-वीस," मी म्हटलं. चार-चार महिने लागायचे.

कपाट रिकामं झालं. नुसती तार गुंडाळून ठेवायचं काम उरलं, म्हणून शेड आठवड्यातून तीन दिवस चालू लागली, बायका पाळीपाळीनं यायच्या. नात रोज सकाळी रुपया कितीला घसरला ते बघायची, कारण माल सुटलाच तर पैसे डॉलरमध्ये द्यायचे होते. आणि मी दुपारी लोळायची सोडून तिकडं आता किती वाजले असतील याचा हिशेब करायची. अडीच तास पुढं. म्हणजे इथं अडीच झाले की तिथले लोक टेबल आवरत असणार. अडीच वाजून गेले की मला जरा बरं वाटायचं. आजचा दिवस तर संपला, आज काही वाईट व्हायचं राहिलं नाही.

नवा अर्ज गेल्यावर सातव्या आठवड्यात एका दुपारी दोनला नातीचा फोन आला. मी उचलला तर पलीकडं नुसतं हसू. परवाना मिळाला होता. फक्त दुचाकीसाठी, मागितलेल्या मालाच्या निम्म्याला. "एकवीस फुलं आलीत, अज्जी, आणि एक फटाका!"

विमानानं खोकं आलं त्या दिवशी मी मुद्दाम शेडमध्ये गेले. अक्कानं खोक्याला कुंकू लावलं. नात पट्ट्या कपाटात लावत होती, तेवढ्यात कोरमंगलाच्या त्या ड्रोनवाल्याचा फोन आला. तिचे हात भरलेले, म्हणून स्पीकरवर.

"माल आला म्हणे? अभिनंदन! मग आमच्या सॅम्पलच्या मोटरी या आठवड्यात देताय ना? दहाच तर हव्यात."

"हा माल स्कूटरसाठीच आहे. तसं लिहून दिलंय मी."

"अहो, दहा मोटरींना किती लागतं! तिथं बसून कुणाला कळणारे?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. या विषयातली जाणकार म्हणून बघितलं. आणि जाणकारीच म्हणाल तर उत्तर मला ठाऊक होतं: कुणाला कळत नाही. आमच्या वेळी परवान्याचा अर्धा माल संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गल्लीत विकला जायचा आणि माझ्या फाइलीत सगळं चोख असायचं. मी तोंड उघडलं. मग वाटलं, तेरा ओळी मी खोडायला लावल्या, चौदावी तरी तिची तिला राहू दे. तोंड मिटलं.

"नाही जमणार," नात म्हणाली. "ड्रोनसाठी वेगळा अर्ज करते. थांबाल का?"

"बघतो," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकूनच कळलं, की तो थांबणार नव्हता.

फोन बंद झाला. तिनं उरलेल्या पट्ट्या लावल्या, कपाटाला कुलूप घातलं. बाहेर यंत्रं सुरू झाली होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. मी विचारलं, "हे किती दिवस पुरेल?"

"महिना. जपून वापरलं तर पाच आठवडे," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. "ये, बस इथं. पुढचा अर्ज आजच लिहायला घेऊ."