बाबांचं वजन आणि माझं मडकं

आमच्या आईचं निधन झालं त्या सकाळी ती स्वयंपाकघरात मुळा किसत होती. तासाभराने बाबाही गेले. दोन्ही मृत्यूंना कारण मी, आणि तेही केवळ बाबांनी भरपूर जगावं या हट्टापायी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सीताबर्डीला आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं आणि तो अरुंद जिना चढताना बाबांच्या छातीत कळ यायला लागली होती. बाबांचा देह म्हणजे पुरणपोळी तुपात बुडवून खाणाऱ्या माणसाचा देह. (पोळी तुपावर तरंगली तर तूप कमी पडलं, असं त्यांचं मत होतं.) डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "वजन उतरवा. चालायला लागा."

"किती चालू?" बाबांनी विचारलं.

"घाम येईस्तोवर."

"घाम तं मले बसल्या जागीच येते."

"मग वजन उतरेस्तोवर चाला," असं म्हणून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

म्हणजे किती, हे काही कुणी सांगितलं नाही. मी मात्र फार घाबरलो होतो. बाबा दुपारी आडवे झाले की त्यांचं पोट वर-खाली होतंय ना, हे दारातून बघून यायचो. त्या भीतीपोटीच मी एका निसर्गोपचाराच्या शिबिराला गेलो आणि अर्धवट ज्ञान घेऊन परत आलो. पूर्ण ज्ञान झालं असतं तर पुढचा प्रकार टळला असता, पण शिबिरात जेवायला फक्त उकडलेला दुधी होता, त्यामुळे मी मधूनच पळालो.

पहिल्या दिवशी पहाटे बाबांना पांढरं धोतर आणि सदरा घालायला लावला. घाम पुसायला खांद्यावर पंचा दिला.

"चपला काढा," मी म्हणालो.

"काहून?"

"दवावर अनवाणी चाला लागते."

"दव कुठं हाये? खाली डांबर हाये."

"शिस्त हाये, बाबा."

"चहा?"

"आल्यावर."

"बोलाचं तरी काय?"

"नाही. बोलल्यानं श्वास वाया जाते."

बाबांच्या चेहऱ्यावर चहा न मिळाल्याचं दुःख पसरलं. मी घरच्यांच्या मरणातही इतकं खरं दुःख क्वचित पाहिलं आहे. शिबिरात मातीच्या भांड्यातलं पाणी प्यायला सांगितलं होतं, म्हणून लिंबाच्या पाण्याचं एक लहान मडकं सुतळीने बांधून मी हातात धरलं आणि पुढे निघालो. मागे बाबा. थोरला मुलगा हातात मडकं घेऊन, अनवाणी, मान खाली घालून पुढे चालला की त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

कोपऱ्यावर नामदेवराव आपला पानठेला उघडत होते. आम्हाला पाहून त्यांनी फळी परत लावली. अशा वेळी कुणी काही विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. नामदेवराव मागे घरात जाऊन बायकोच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि गुपचूप आमच्या मागे चालू लागले. पुढे ढोबळे मास्तर सायकलवरून उतरले आणि सायकल हाताने ढकलत मागे लागले. दूधवाला आला. धरमपेठेपर्यंत येताना माझ्या मागे मोठा घोळका झाला होता, आणि सगळे गप्प.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आरोग्याची लाट आली. माझ्या एका पावलाने अख्खी बर्डी जागी झाली! ढोबळे मास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "गाडी पुढं गेली काय गा?" मी ओठांवर बोट ठेवलं. श्वास वाया जाऊ नये म्हणून. मास्तरांनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. व्यायामाची इतकी कदर करणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

आम्हाला जायचं होतं अंबाझरी तलावाकडे. स्मशानघाटाचा रस्ता त्याच वाटेवर फुटतो. आम्ही सरळ गेलो आणि घोळका वळला.

"इकडं गा, इकडं," नामदेवरावांनी हाक दिली. "शुद्धीत नाही पोरगं."

"तिकडं कायले?" मी मौन सोडलं.

"घाट इकडं हाये ना. बाई गेली ना तुमची?"

"कोणती बाई?"

"तुही माय."

बाबा पंचाने तोंड पुसत पुढे आले आणि म्हणाले, "तिले काय झालं? घरी मुळा किसून राहिली ते. आम्ही तं वजन कमी करून राहिलो."

नामदेवरावांनी माझ्या हातातल्या मडक्यात डोकावून पाहिलं. मग दूधवाला म्हणाला, "माहं दूध नासलं," आणि सगळे एकदमच बोलायला लागले. त्यांची समजूत काढायला बाबांनी सगळ्यांना जवळच्या ठेल्यावर नेलं आणि तर्री-पोहे खाऊ घातले. यजमानाने हात आखडता घेऊ नये म्हणून स्वतःही खाल्ले, दोनदा.

इकडे घरी नामदेवरावांची बायको, सुशीलाकाकू, रडत जिना चढली होती. दार उघडलं ते आईनेच. काकू किंचाळली आणि मग जरा सावरून म्हणाली, "तू हायेस काय? मंग मडकं कोणाचं निघालं वं? पोरगं तं पुढं मडकं घेऊन गेलं म्हणे."

घरातून सकाळी दोघेच बाहेर पडले होते. त्यातल्या एकाच्या हातात मडकं होतं. उरला कोण, हे आईला बोटांवर मोजावं लागलं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा जिन्याखाली शेजारचे पुरुष जमले होते. बाबा चालताना वाटेतच गेले आणि आता त्यांना घरी आणताहेत, अशी बातमी तोवर झाली होती. त्यांची आमच्याकडे पाठ होती.

"वर न्याचंच नाही," एक जण म्हणत होता. "खालीच ठेवू. हा जिना अन् तो देह, जमते काय?"

"अन् चार जणाईचं काम नाही गा हे. वाटेत खांदे बदलत न्या लागन."

"माणूस भला होता. पण खाण्यावर ताबा नोयता."

बाबांनी हे सगळं ऐकलं. त्या पुरुषांच्या मधून वाट काढत वर गेले, आणि मागे जे झालं ते मला सांगवत नाही. एक जण नळावर आपटला एवढंच सांगतो.

आई मधल्या खोलीत बसली होती. रडत नव्हती. बाबांनी सकाळी काढून ठेवलेल्या चपला तिने मांडीवर घेतल्या होत्या. तिने वर पाहिलं, बाबांना पाहिलं, मग त्यांच्या सदऱ्यावरचा तर्रीचा लाल डाग पाहिला.

"खाऊन आले काय?" तिने विचारलं, आणि मग तिला रडू फुटलं. ते थांबेचना. बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मला आजही त्या खोलीत उभं असल्यासारखं वाटतं आणि कुठे पाहावं ते कळत नाही. थोड्या वेळाने आई मला म्हणाली, "तुह्या व्यायामाले आग लागो." त्या क्षणी माझी गुरुपदावरून बदली झाली.

संध्याकाळी आईने स्वतःच्या चपला घातल्या, बाबांना त्यांच्या घालायला लावल्या आणि फिरायला काढलं. त्या काळात नवरा-बायको नुसतं फिरायला निघणं म्हणजे बातमीच, पण जी बाई सकाळीच एकदा वारली होती तिला कोण काय म्हणणार? तिचा हिशेब साधा होता. दोघांनी बोलत चालायचं. बाबांचं बोलणं धापेने तुटलं की तिथून परतायचं. सुरुवातीला पानठेल्यापाशीच तुटायचं. मग धरमपेठेत, मग तलावाच्या काठावर. पोळीवर तूपही आता आईच वाढायची, चमच्याने. बाबांचं वजन महिन्यामहिन्याने उतरत गेलं. त्यांच्या वाटचं तूप वाया जाऊ नये, ही जबाबदारी मी घेतली.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गेले ते झोपेत, शांतपणे, काडीसारखे हलके होऊन. या वेळी मडकं खरं होतं. ते धाकट्या भावाच्या हाती दिलं, कारण मला बाबांना खांदा द्यायचा होता. निदान एवढं तरी नीट करावं, असं फार वाटत होतं. धरमपेठ यायच्या आत माझा श्वास फुलला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हातारे नामदेवराव मागून आले, माझ्या खांद्यावरचा बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मला कोपराने ढकलत म्हणाले, "तू हो गा बाजूले. नाही तं दोघाईले संगच न्या लागन."