खिडकीबाहेरचा दुपट्टा

पडदा वर जातो तेव्हा दिसतं वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा शहराच्या नगरपरिषदेचं सभागृह. भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी, त्यांच्या गळ्यात गेल्या जयंतीचे वाळलेले हार. उजव्या अंगाला व्हरांड्यात उघडणारी मोठी खिडकी, आणि त्या खिडकीसमोरच्या खुर्चीवर, डोईवर पदर घेऊन बसलेली आपली नायिका : नगरसेविका देवकाबाई.

नगरसेविका आपली नावाला. वॉर्ड मूळचा तिच्या नवऱ्याचा, महादेवरावांचा. तो बायकांसाठी राखीव झाला तसं त्यांनी बायकोला उभं केलं, पोस्टरवर स्वतःचा फोटो तिच्याहून मोठा छापला आणि तिला निवडून आणलं. सभेत ते तिच्या मागं बसायचे आणि हात वर करायची वेळ आली की कोपरानं ढोसायचे. पुढं आचल मॅडम मुख्याधिकारी म्हणून आल्या आणि त्यांनी साऱ्या पतिराजांना सभागृहाबाहेर काढलं. महादेवराव हार मानणारा गडी नव्हता. ते व्हरांड्यात, खिडकीसमोर उभे राहू लागले. दुपट्टा उजव्या खांद्यावर आला की देवकाबाईनं हात वर करायचा, डाव्यावर गेला की खालीच ठेवायचा. पथदिवे, नाल्यांचा उपसा, नळाचे पाइप, सारं त्या दुपट्ट्यावर चालायचं.

माणूस तसा दिलदार. कुणाकडं मयत झाली की पहिले हजर, तिरडीचे बांबू आपल्या दुकानातून. पण एका गोष्टीचा निखारा देवकाबाईच्या पोटात तसाच होता.

तिची धाकटी बहीण धुरपता हिंगणीची. नवरा गेल्यावर वाडीतली भाजी आणून ती महादेवरावांच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर बसायची. भाटव्याचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं दुकान, म्हणून हक्कानं. एका बाजाराच्या दिवशी बड्या गिऱ्हाइकाच्या गाडीला जागा मिळाली नाही. महादेवरावांनी नगरपरिषदेच्या अतिक्रमण हटवणाऱ्यांना बोलावलं आणि वांग्यांची टोपली स्वतःच्या हातानं नालीत पालथी केली. धुरपतानं वर पाहिलं. दुकानाशेजारच्या घराच्या गॅलरीत बहीण उभी होती. नवऱ्यानं डोळे वटारले, तशी बहीण आत गेली.

धुरपता पुन्हा तिच्या दारी आली नाही, दिवाळीलाही नाही. देवकाबाईनं घरात भांडण काढलं नाही. चहा, डबा, इस्त्रीचे कपडे, सारं वेळेवर. सूड कढीसारखा मंद आचेवर ठेवावा लागतो. घाई केली की फाटतो.

त्या दिवशी सभेपुढं विषय होता दुकानासमोरच्या मोकळ्या जागेचा. तिथं भाजीवाल्यांसाठी ओटे बांधायचे की पार्किंग करायचं? पार्किंगच्या भरवशावर महादेवरावांनी दुकान दुमजली करायला घेतलं होतं. दोन्ही गट बरोबरीत. देवकाबाई ज्या गटाकडं, तो जिंकणार, हे साऱ्या शहराला ठाऊक, आणि ती कोणत्या बाजूला, याची कुणाला शंकाच नव्हती.

अध्यक्षांनी विचारलं, ओट्यांच्या बाजूनं कोण कोण? खिडकीबाहेर दुपट्टा डाव्या खांद्यावर गेला. देवकाबाईनं तो नीट पाहिला. मग शिपायाला हाक मारली.

"लहानूभाऊ, थे खिडकी लावून द्या बरं. डोळ्यावर ऊन येऊन राह्यलं."

बाहेर सकाळपासून ढगाळलेलं. लहानूनं एकदा बाहेर साहेबांकडं पाहिलं, एकदा आत बाईंकडं, आणि गुपचूप कडी घातली. बाहेरून फळ्यांवर थापा पडू लागल्या. देवकाबाईनं पदर सारखा केला आणि हात वर केला. इतका वर, की कोपरापर्यंत बांगड्या घसरल्या.

ओटे मंजूर झाले. मग ती उभी राहिली. सभेत ती प्रथमच बोलत होती. त्या जागेवरून आधी ज्यांना उठवलं, त्यांना दुकानासमोरच्या पहिल्या रांगेतले ओटे द्यावेत, एवढीच तिची मागणी होती. सभागृहातल्या बायकांनी बाकं वाजवली. मागणीही मंजूर झाली.

व्हरांड्यात बाकीचे पतिराज तोंडाला रुमाल लावून उभे. महादेवरावांचा दुपट्टा हातात चोळामोळा झालेला. एरवी गडगडणारा आवाज खाली आला.

"काऊन वं? इतकं सारं दिलं तुले, अन् चारचौघात माह्यी अशी फजिती केली?"

देवकाबाईनं चपला पायात सरकवल्या. त्यांच्याकडं न पाहता ती पायऱ्यांपर्यंत गेली, आणि तिथं थांबून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दुकानाचं शटर मांगच्या गल्लीत काढून घेजा. समोर आता धुरपता बसन. अन् समोरूनच जा लागलं, तं तिले इचारून जाजा."