पीटीच्या सरांची गाठ

गाठ मारून झाली की आमचे पीटीचे सर तिच्यावर दोन चापट्या मारायचे, म्हशीच्या पाठीवर मारतात तशा, आणि म्हणायचे, "सुटूची नाय!"

आणि खरंच सुटायची नाही हो. त्यांची त्यांनाही सुटायची नाही. एकदा स्वतःच्या डब्यालाच अशी गाठ मारून आणली की मधल्या सुट्टीत माझ्या बालवाडीच्या दारात येऊन बसले, डबा मांडीवर आणि तोंड एवढंसं. "वैनी, जरा विळी द्या." मी म्हटलं, "अहो सर, बांधता येतं आणि सोडता येत नाही?" तर म्हणाले, "बापाशीन होडयेर बांधूक शिकवल्यान. सोडूक शिकवच्या आदीच मी मुंबैक इलंय."

मालवणकडचे, काडीसारखे उंच. गळ्यातल्या शिट्टीलाही तीच गाठ, म्हणजे ती कधी निघायचीच नाही. लग्नाच्या पंगतीत वाकले की शिट्टी वरणात.

रविवारी पोरं शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला जमायची, त्या काळातली ही गोष्ट. घाटकोपरची आमची शाळा म्युनिसिपालिटीची. एकाच इमारतीत वर मराठी शाळा, खाली गुजराती. त्यामुळे मुख्याध्यापिका दोन आणि घंटाही दोन. वरची वाजली की खालची मुद्दाम पाच मिनिटांनी! वरच्या मोठ्या बाई आणि खालच्या बेन एकमेकींशी शिपायामार्फत बोलायच्या, समोरासमोर उभ्या असल्या तरी. "बेनना सांग, तुमची मुलं आमच्या नळावर येतात." दोघींचं एकमत एकाच गोष्टीवर, मैदानाच्या मधोमध कुंपण हवं. तसा अर्जही केला होता. जाळीचं भेंडोळं येऊन कोपऱ्यात पडलंसुद्धा, घालायची माणसं तेवढी यायची होती.

तेवढ्यात शिक्षण खात्याचं फर्मान आलं. एका इमारतीतल्या शाळांनी प्रार्थना, कवायत, खेळ एकत्र करून बघावेत, साहेब पाहणीला येतील. जमलं तर पुढे चालू, नाहीतर आपापलं कुंपण आणि आपापलं मैदान.

सरांची झोप उडाली. मैदान आधीच अंगणाएवढं. "वैनी, अर्ध्या मैदानात पोरगो धावलो तर थांबतलो खंय? भिंतीर?"

त्यांनी काढली तीन पायांची शर्यत. एक पोर वरच्या शाळेचं, एक खालच्या शाळेचं, पायाला पाय बांधून. पट्ट्यांसाठी माझं निळं पातळ फाडलं. जुनंच होतं म्हणा. पहिल्या दिवशी जोड्या धावल्या कमी, लोळल्या जास्त. "ए, तुझा पाय काढ ना मधून!" "मारो नथी, तारो छे!"

साहेब यायच्या दिवशी दोघी मुख्याध्यापिका देखरेखीला उतरल्या. बांधता कसं ते दाखवा, म्हणाल्या. सरांनी काय करावं? त्या दोघींनाच शेजारी उभं केलं आणि बांधून टाकलं. दोन चापट्या. "सुटूची नाय!"

आणि फाटकात साहेबांची गाडी.

"सोडा हो सर!" मोठ्या बाई किंचाळल्या. सर खाली बसले सोडायला. जितकं ओढावं तितकं घट्ट. मी विळी आणली तर बेन घाबरल्या, "विळी नको हां, घाईत माझा पाय जाईल!" मोठ्या बाई निघाल्या वर आपल्या कचेरीकडे, बेन निघाल्या आपल्या, आणि दोघी जागच्या जागी भोवऱ्यासारख्या फिरल्या. शेवटी मोठ्या बाई कित्येक वर्षांत पहिल्यांदा थेट बोलल्या, "अहो बेन, आधी बांधलेला उचला!"

"तर तुमी बोला ना, एक-दोन!"

मग काय, एकमेकींच्या कमरेला धरून एक-दोन, एक-दोन करत दोघी फाटकापर्यंत. पोरं टाळ्या पिटतायत. साहेबांना वाटलं, स्वागताचा कार्यक्रमच हा. "वा! मुख्याध्यापिका स्वतः!" चहा खालच्याच कचेरीत झाला, जिना चढणार कोण? उपक्रम पुढे चालू राहिला. साहेब गेल्यावर मी पट्टी कापली, तरी दोघी तशाच शेजारी बसून राहिल्या. बेन म्हणाल्या, "बाई, अजून अर्धा-अर्धा कप?"

पुढल्या जूनमध्ये सरांची बदली झाली बोरिवलीला. निरोपाचा नारळ दोघींनी मिळून दिला. जायच्या आधी सर कोपऱ्यात जाळीच्या भेंडोळ्याला काथ्याची दोरी गुंडाळत बसलेले, वेढ्यावर वेढे. म्हटलं, "आता हे कशाला?"

"पोरांच्या पायात येता, वैनी." दोन चापट्या मारल्या. आणि नारळ काखोटीला मारून फाटकाकडे निघाले.

दिवाळीनंतर दोन माणसं कुंपण घालायला हजर! जाळी आली तरी माणसांचा कागद दुसऱ्या खात्यात फिरत फिरत आत्ता कुठे मंजूर झाला होता. बराच वेळ गाठीशी झटली आणि घामाघूम होऊन, आम्ही तिघी उभ्या होतो त्या बालवाडीच्या दारात आली. "बाई, विळा-कोयता काही आहे का?" मोठ्या बाईंनी बेनकडे बघितलं. बेननी माझ्याकडे.

"बालवाडीत कसला विळा, भाऊ," मी म्हटलं आणि विळी पायाने पाटाखाली सरकवली.

"उद्या घेऊन येतो" म्हणाली ती माणसं आणि गेली ती गेलीच.

भेंडोळं तिथंच राहिलं. मधल्या सुट्टीत दोन्ही शाळांची पोरं त्याच्यावर बसून डबे खायची. आणि एखादं नवं पोर त्या गाठीशी झोंबायला लागलं, की ज्यांनी सरांना पाहिलंसुद्धा नव्हतं ती खालच्या शाळेतली पोरं त्याच्या पाठीत दोन चापट्या मारायची आणि सांगायची, "सुटूची नाय!"